फाटकावरचं घर: क्यू गार्डन्समधलं १८६७ चं लॉज आणि इंग्लंडची गेट लॉजेस

गवाक्ष (धागाकर्ता)

लंडनमधल्या क्यू गार्डन्स या वनस्पती-उद्यानाला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण टेम्परेट हाउस बघतो, फोटो काढतो आणि पगोड्याकडे निघतो. त्या काचघराच्या पूर्वेला, क्यू रोडच्या बाजूला लाल विटांचं एक छोटं घर आहे. तिकडे फारसं कुणी वळत नाही. माझ्या मते त्या अख्ख्या बागेतली सर्वांत धाडसी इमारत तीच आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत कुठे चार ओळीही वाचायला मिळत नाहीत. म्हणून हा धागा.

हे टेम्परेट हाउस लॉज. लॉज म्हणजे उतरायचं हॉटेल नव्हे, बागेच्या किंवा इस्टेटीच्या फाटकावरचं राखणदाराचं छोटं घर. वर्ष १८६७, वास्तुकार विल्यम ईडन नेसफील्ड. नेसफील्ड तेव्हा बत्तिशीच्या आतबाहेर होता. त्याचे वडील विल्यम अँड्र्यूज नेसफील्ड हे नावाजलेले उद्यानरचनाकार. क्यूमधल्या लांबच लांब वाटा आणि पगोड्याकडे नजर नेणारा तो सरळ रस्ता त्यांनीच आखला. म्हणजे बापाने बाग मांडली आणि मुलाने तिच्या कडेला एवढंसं घर बांधलं.

घर आहे एकमजली, वर माळा. पण बघताना आधी डोळ्यात भरतं ते छप्पर. खालच्या भिंती बुटक्या आणि त्यांच्यावर पिरॅमिडसारखं उंच, चहूबाजूंनी उतरतं कौलारू छप्पर. मधोमध भलंमोठं विटांचं धुराडं. छपराच्या उतारातून बाहेर डोकावणाऱ्या खिडक्या आणि त्यांच्यावर त्रिकोणी माथे. भिंत आणि छप्पर जिथे भेटतात तिथे आतून बाहेर वळत गेलेली गोलसर झालर. भिंतीवर विटांचेच सपाट अर्धस्तंभ. एवढ्याशा घराला एवढं मोठं डोकं शोभायला नको खरं तर, पण शोभतं. छप्पर निम्म्या उंचीचं असतं तर ते बागकामाचं सामान ठेवायचं खोपटं वाटलं असतं.

आता यात धाडस कसलं, तर काळ बघा. १८५७ पासून पुढे तीन-चार वर्षं लंडनमध्ये परराष्ट्र खात्याच्या नव्या इमारतीवरून रण पेटलं होतं. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटला गॉथिक हवं होतं, पंतप्रधान पामर्स्टनला अभिजात इटालियन धाटणी. शेवटी स्कॉटला नमतं घ्यावं लागलं. तेव्हाचा कुणीही वास्तुकार घ्या, त्याला दोहोंपैकी एका गोटात असणं भाग होतं. आणि त्याच दशकात एका सरकारी बागेच्या कडेला नेसफील्डने असं घर बांधलं, जे ना टोकदार कमानींचं होतं ना रोमन खांबांचं. त्याने थेट सतराव्या शतकातलं, साध्या इंग्लिश गवंड्यांचं विटकाम उचललं. प्रेरणा शोधायला लांब जायची गरज नव्हती. त्याच बागेत क्यू पॅलेस आहे, १६३१ सालचा, सॅम्युएल फोर्ट्री नावाच्या व्यापाऱ्याने बांधलेला, लाल विटांचा.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हीच धाटणी ‘क्वीन ॲन’ म्हणून इंग्लंडभर पसरली. राणी ॲनची कारकीर्द १७०२ ते १७१४. तिच्याशी या घरांचं नातं तसं ओढूनताणूनच लावलेलं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. नेसफील्ड आणि रिचर्ड नॉर्मन शॉ एकाच कचेरीत बसत, काही वर्षं भागीदारही होते. शॉने ती धाटणी लंडनच्या कचेऱ्यांत आणि मोठ्या घरांत नेली. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर ई. आर. रॉबसनने लंडन स्कूल बोर्डासाठी शाळा बांधल्या, त्या उंच, लाल, पांढऱ्या खिडक्यांच्या इमारती आजही लंडनच्या वस्त्यांमधून दिसतात. या सगळ्या गोतावळ्यात सुरुवातीच्या घरांपैकी एक म्हणजे हे फाटकावरचं घर.

मला यातून जे वाटतं ते असं: इंग्लंडमध्ये नवी धाटणी आधी गेट लॉजवर करून बघितली जायची. मालकाला मोठ्या वाड्यावर प्रयोग परवडत नसे. पैसा अमाप लागे, शिवाय बिघडलं तर पिढ्यान्‌पिढ्या तेच बघत बसायचं. लॉजला खर्च थोडा आणि नियम तर नाहीतच. आणि उभं कुठे, तर थेट रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर.

तुमच्यापैकी इंग्लंडात राहणाऱ्यांनी आपापल्या आसपासची लॉजेस सांगा. फोटोपेक्षा वर्णन जास्त आवडेल.

---

मेघना_ब्रिस्टल

सुंदर लिहिलंय. पण सर्वांत धाडसी इमारत म्हणताना पाम हाउस विसरलात का? १८४४ ते १८४८ मध्ये एवढं मोठं लोखंड-काचेचं घर उभं करणं म्हणजे खायचं काम नव्हतं.

आमच्या ब्रिस्टलजवळचं उदाहरण देते. ब्लेझ हॅम्लेट. तांत्रिकदृष्ट्या ती गेट लॉजेस नव्हेत, पण कूळ तेच. १८१०-११ च्या सुमारास जॉन नॅशने जॉर्ज रेप्टनच्या मदतीने जॉन हारफर्ड या बँकरसाठी नऊ घरं बांधली, इस्टेटीतल्या निवृत्त नोकरांसाठी. हिरवळीभोवती नऊ घरं आणि एकासारखं दुसरं नाही. कुणाला गवताचं छप्पर, कुणाला दगडी फरश्यांचं, पण धुराडी सगळ्यांची उंच, नक्षीदार. आत खोल्या मात्र अगदी लहान. धुराड्यावर जेवढं डोकं लढवलंय तेवढं राहणाऱ्यांच्या खोल्यांवर लढवलं असतं तर, असं मला दर वेळी वाटतं. आता ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत आणि लोक राहतात, त्यामुळे हिरवळीवरूनच बघायची.

---

गवाक्ष

मेघना, पाम हाउसबद्दल दुमत नाही. डेसिमस बर्टन आणि डब्लिनचा लोखंडवाला रिचर्ड टर्नर यांनी जहाजबांधणीतल्या लोखंडी तुळया वापरून ते केलं. ते धाडस अभियांत्रिकीचं. लॉजचं धाडस रुचीचं आहे. लोखंडाचं गणित चुकलं तर छप्पर कोसळतं, रुचीचं चुकलं तर वास्तुकाराला पुढचं काम मिळत नाही. नेसफील्डला मिळालं. वेल्समधला किनमेल हॉल हा अवाढव्य प्रासाद त्याने १८७० च्या दशकात याच धाटणीत केला.

ब्लेझ हॅम्लेटचं उदाहरण अगदी नेमकं दिलंत. त्या काळात अशा घरांच्या नमुन्यांची पुस्तकंच छापली जात. जमीनदार पानं उलटायचा, हे स्विस, ते ट्यूडर, हे गॉथिक, आणि गावच्या सुताराला पान दाखवायचा. म्हणून इंग्लंडच्या कुठल्याही कोपऱ्यात जा, नक्षीदार पट्ट्यांच्या छपराचं एखादं लॉज भेटतंच.

---

शेवंता

धागा आवडला तरी एक गोष्ट खटकते आहे, ती मांडते. ‘लॉजवर करून बघितलं’ असं म्हणताना ते कुणाच्या जिवावर करून बघितलं, हेही यायला हवं.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकसारखी दोन चौकोनी खोपटी, हा अठराव्या शतकातला अगदी रुळलेला प्रकार. गाडीतून येणाऱ्याला डावं-उजवं सारखं दिसलं पाहिजे, एवढ्यासाठी कुटुंबाची दोन शकलं. स्वयंपाक आणि बसणं-उठणं एकीकडे, झोपायचं दुसरीकडे, मध्ये गाड्यांचा रस्ता. डिसेंबरच्या पावसात लेकरं कडेवर घेऊन रात्री तो रस्ता ओलांडणाऱ्या बाईचा विचार करा. दिवसा फाटक उघडायचं काम बहुतेक घरच्या बाईकडेच असे, कारण नवरा इस्टेटीवर माळी नाहीतर रखवालदार. बऱ्याच ठिकाणी तर विधवांना किंवा म्हाताऱ्या नोकरांना ते घर देत. भाडं नाही हे खरं, पण नोकरी गेली की छप्परही गेलं.

आणखी एक. लॉजला मागची बाजू नसते, म्हणजे ती दिसू द्यायची नसते. चारही बाजू पाहुण्यांसाठी. मग संडास कुठे, कोळसा कुठे, धुणं कुठे वाळत घालायचं? झुडपांमागे, भिंतीआड, कुणाला दिसणार नाही असं. घर त्यांचं, पण त्यांचं जगणं कुणाच्या नजरेस पडता कामा नये.

---

गवाक्ष

शेवंताताई, हा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. त्याला जोडून नेसफील्डच्या लॉजबद्दल सांगतो, कारण तिथे या प्रश्नाचं थोडंफार उत्तर सापडतं.

मधोमध एकच जाडजूड धुराडं घेतलं की सगळ्या चुली-शेगड्यांची पाठ त्यालाच. ऊब घराच्या पोटात राहते आणि बाहेरच्या भिंती खिडक्यांना मोकळ्या होतात. उंच छपरामुळे माळ्यावर खरोखर झोपता येईल अशी जागा निघते. एकच घर, एकच छप्पर, कुटुंब एकत्र. म्हणजे ते बेढब वाटणारं डोकं नुसतं दिखाऊ नाही, खोल्या त्याच्यातच आहेत.

आणखी एक व्यवहारी कारण. इंग्लंडात विटांवरचा कर १७८४ पासून होता, तो १८५० मध्ये गेला. काचेवरचा १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. त्याआधीच्या लहान घरांत खिडक्या मोजून-मापून ठेवल्या जात. नेसफील्डच्या पिढीला विटा आणि काच हात सैल सोडून वापरता आल्या.

अर्थात क्यू १८४० पासून सरकारी बाग होती, कुणा सरदाराची इस्टेट नव्हे. त्यामुळे इथल्या राहणीवरून खाजगी इस्टेटीतल्या लॉजकीपरची कल्पना करता येणार नाही. तिथे तुमचंच म्हणणं खरं आहे.

---

विटकाम

पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. क्यूला एकदाच गेलो आहे, पण क्यू पॅलेससमोर बराच वेळ उभा होतो, तेव्हा विटांबद्दल थोडं.

क्यू पॅलेसचं विटकाम फ्लेमिश बाँडचं आहे. प्रत्येक थरात एक वीट लांबीने, पुढची तोंडाने (आखूड बाजूने), पुन्हा लांबीने. वरच्या थरात तोंडाची वीट बरोबर खालच्या लांब विटेच्या मध्यावर येते. इंग्लिश बाँडमध्ये आख्खा एक थर लांब विटांचा आणि त्यावर आख्खा थर तोंडांचा. ताकद इंग्लिशमध्ये थोडी जास्त, पण फ्लेमिश भिंत डोळ्यांना जास्त गोड दिसते. सतराव्या शतकात ती इंग्लंडात नवी होती, क्यू पॅलेस तिच्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी आहे.

क्वीन ॲन धाटणीत आणखी एक कसब परत आलं, घासून घडवलेल्या विटांचं. मऊ, वाळूमिश्रित मातीची वीट भाजून घ्यायची आणि दगडावर घासून हव्या त्या आकाराची करायची. कमानीतल्या पाचरी, अर्धस्तंभांचे माथे, खिडकीभोवतीच्या पट्ट्या. सांधा चुनखळीचा, आणि इतका बारीक की भिंतीवर पांढरी रेघ ओढल्यासारखा दिसतो. साध्या विटकामातला सांधा बोटाएवढा असतो. हे काम करणारा कारागीर गवंडी कमी आणि सोनार जास्त असावा लागतो.

---

पेठकर

क्यू गार्डन्समध्ये फर्ग्युसन नावाच्या कुणाची तरी इमारत आहे ना? फर्ग्युसन कॉलेजवाले ते हेच का?

---

गवाक्ष

इमारत आहे, पण ते फर्ग्युसन वेगळे. कॉलेजला नाव दिलं ते सर जेम्स फर्ग्युसन, १८८० ते १८८५ मुंबईचे गव्हर्नर. क्यूमधली मेरिअन नॉर्थ गॅलरी ज्यांनी आखली ते वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन. तरुणपणी बंगालमध्ये निळीच्या धंद्यात होते, मग देशभर फिरून जुन्या इमारती मोजत, रेखाटत गेले. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांवर इंग्रजीत सुरुवातीला पद्धतशीर लिहिणाऱ्यांत त्यांचं नाव घ्यावंच लागतं. गॅलरी उघडली १८८२ मध्ये. तीही लाल विटांची, तिला व्हरांडा आहे आणि वरून येणारा उजेड आहे. लॉजपासून लांब नाही. आत भिंतींवर मेरिअन नॉर्थची चित्रं खेटून लावलेली आहेत. ती १८७७ ते ७९ भारतात फिरली होती, तिथलीही बरीच चित्रं त्यात आहेत. मराठी माणसाने क्यूला जाऊन ती गॅलरी चुकवू नये.

---

पेठकर

धन्यवाद. आमच्या पिढीने हा घोळ हमखास घातलेला आहे, आता नातवाला नीट सांगेन.

---

रानवाटा

स्टॅफर्डशायरमधल्या टिक्सॉल गेटहाउसचा उल्लेख इथे व्हायलाच हवा. साधारण १५८० चं. ते लॉज नव्हे, लॉजचं खापरपणजोबा म्हणा. तीन मजली, चार कोपऱ्यांवर बुरूज, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळ्या ग्रीक-रोमन धाटणीचे जोडखांब: खाली डॉरिक, मध्ये आयोनिक, वर कोरिंथियन. ज्या वाड्यासाठी ते बांधलं तो वाडा नाहीसा झाला. आता हिरव्यागार माळावर नुसतं प्रवेशद्वार उभं आहे, कशाचंच प्रवेशद्वार नसलेलं. स्कॉटलंडची राणी मेरी (मेरी क्वीन ऑफ स्कॉट्स) इंग्लंडात कैदेत होती, तेव्हा १५८६ मध्ये तिला टिक्सॉलला काही दिवस ठेवलं होतं.

१९६८ मध्ये जुन्या इमारती वाचवणाऱ्या लँडमार्क ट्रस्टने ते घेतलं तेव्हा छप्परही उरलं नव्हतं. आता पर्यटकांना राहायला मिळतं. आम्ही कुटुंबाने राहून आलो आहोत. पहाटे गच्चीवर गेलं की खाली मेंढ्या आणि चहूकडे धुकं.

---

शेवंता

रानवाटा, वाडा गेला आणि फाटक राहिलं असं इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी झालंय. दोन महायुद्धं, वारसा कर आणि नोकरांची वानवा यांनी मोठे वाडे मोडले. विसाव्या शतकात शेकड्यांनी पाडले गेले. लॉजेस मात्र वाचली, कारण ती रस्त्याच्या कडेला होती, आकाराने साध्या कुटुंबाला झेपणारी होती, विकली जात होती. ज्यांना पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी बांधलं तीच घरं शेवटी माणसांच्या राहण्याची ठरली, याचा मला मनापासून आनंद आहे.

---

श्रॉपशायरची_सून

मी गेली काही वर्षं अशाच एका लॉजमध्ये भाड्याने राहते. व्हिक्टोरियन, लाल विटांचं, दारावर मालकाची अक्षरं कोरलेली. बाहेरून बघणारे म्हणतात काय गोड घर! आतली भिंत ओली ती ओलीच. घरमालकाने आणलेल्या माणसाने मागच्या उन्हाळ्यात बाहेरून सगळ्या सांध्यांमध्ये सिमेंट भरून दिलं, चकचकीत. हिवाळ्यात ओल आणखी वर चढली आणि आता विटांचे पापुद्रे सुटताहेत. हात लावला की लाल भुगा हातात येतो. विटकाम, काही करता येईल का?

---

विटकाम

ताई, दुखणं तिथेच आहे. जुनी वीट मऊ असते आणि पाणी पिते. चुन्याचा सांधा तिच्याहून मऊ असतो, म्हणून भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यातून उडून जातं. सांधा दर काही दशकांनी झिजतो, तो झिजण्यासाठीच असतो, पुन्हा भरायचा. सिमेंटचा सांधा विटेपेक्षा कडक. पाण्याला तिथून वाट मिळत नाही, ते विटेतच अडकतं. थंडीत गोठलं की फुगतं आणि विटेचं तोंड फोडून बाहेर येतं. तुमचे पापुद्रे तेच आहेत.

आधी हे बघा: पन्हाळी गळतेय का, आणि बाहेरची जमीन किंवा फरशी आतल्या जमिनीपेक्षा वर आली आहे का. ओल बऱ्याचदा तिथून येते आणि बिचाऱ्या सांध्यांवर खापर फुटतं. मग चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा, तुमच्याकडे मिळतात. सिमेंट हाताने, छिन्नीने काढायचं. यंत्राने कापलं तर विटेच्या कडा जातात. घाई करू नका, काम उन्हाळ्यात करा. ओला चुना गोठला तर सगळं वाया. आणि आतून सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकचा रंग असेल तर तोही उतरवावा लागेल.

इथे पुण्यातल्या वाड्यांचंही हेच होतं. घाण्यात मळलेल्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापतात, आणि दोन पावसाळ्यांत गिलावा फुगतो.

---

श्रॉपशायरची_सून

पन्हाळीचं बघितलं. मागच्या बाजूची फुटकी आहे, आणि खाली काँक्रीटचा कट्टा आहे तो खरंच आतल्या जमिनीपेक्षा वर आहे! घरमालकाशी बोलते. पण हे घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत, आहे की नाही तेच त्यांना माहीत नाही. मोठा वाडा लिस्टेड आहे, लॉजचं नाव यादीत वेगळं सापडलं नाही. मग खिडक्या बदलायला परवानगी लागेल का? त्यांचा विचार प्लास्टिकच्या दुहेरी काचांचा आहे.

---

गवाक्ष

नाव वेगळं नसलं म्हणजे मोकळीक असं नाही. लिस्टेड इमारतीच्या आवारातलं, तिच्याशी जोडलेलं आणि १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभं असलेलं बांधकाम त्या यादीतच धरलं जाऊ शकतं. लॉज ‘आवारात’ मोडतं की नाही हे अंतर, मालकी आणि वापर यांवर ठरतं, त्यातही यादीत नाव घातलं तेव्हा परिस्थिती काय होती यावर. वाडा आणि लॉज त्याआधीच वेगवेगळ्या मालकांकडे गेले असतील तर उत्तर बदलू शकतं. तेव्हा घरमालकांनी कौन्सिलच्या वारसा अधिकाऱ्याला लेखी विचारावं आणि उत्तरही लेखीच घ्यावं. परवानगी लागत असताना न घेता खिडक्या बदलणं हा गुन्हा धरला जातो. आणि यादीतला दर्जा ग्रेड दोन असो की एक, संरक्षण आतून-बाहेरून सगळ्या इमारतीला असतं. नुसता दर्शनी भाग जपला की झालं, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

दुहेरी काचांच्या आधी एक पर्याय सुचवा: जुन्या लाकडी खिडक्या दुरुस्त करून आतल्या बाजूने दुसरी पातळ चौकट बसवायची. थंडी बरीच अडते, बाहेरून काही बदलत नाही, आणि उद्या काढूनही टाकता येते. तरी तीसुद्धा अधिकाऱ्याला विचारूनच.

---

विटकाम

आणि कट्टा आधी फोडा. खिडक्या नंतर.